सहा बोटांचा पंजा

"दारावर निळा पंजा उमटलाय. सहा बोटांचा," निनाद म्हणाला, आणि ऋजुताच्या मुठीतले फासे मुठीतच राहिले.

रविवारचा हा खेळ बर्फाळ डोंगरातला: निनाद गोष्ट सांगायचा आणि बाकीचे त्यातलं एकेक पात्र होऊन, फासे टाकत ती पुढे न्यायचे. शनिवारी निनाद दुसऱ्या ग्रुपला वाळवंटात खेळवायचा. दोन्ही जगांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा. दोन्हीकडे खेळणारी एकटी ऋजुता. आणि कालच, वाळवंटात, तिच्या पात्राने, एका सहा बोटांच्या तिरंदाज मुलीने, राक्षसाला गुहेत कोंडलं होतं. निळ्या रंगाने माखलेला हात दारावर टेकून ती स्वतःही आत गेली होती आणि सोबत्यांना बाहेरून कडी घालायला लावली होती.

"अरे, हे दार तर..."

"ऋजू, नियम." निनाद हसलासुद्धा नाही.

एका जगातलं गुपित दुसऱ्या जगात फोडलं तर ती चीटिंग. इथे ती एक भोळी वैद्य होती, आणि तिला काहीच माहीत नव्हतं.

निनादने आवाज बारीक केला. "आतून एक मुलगी रडत म्हणते, 'उघडा हो कुणीतरी! मी एकटीच आहे.'"

"जखमी असेल गं! वैद्य तू आहेस, बोल ना," शेजारी खेळायला बसलेला यशोधन म्हणाला.

एकटी? काल तर आत दोघं होते. त्या तिरंदाज मुलीने राक्षसाला मारलं, की राक्षसच तिच्या आवाजात बोलत होता? ऋजुताने निनादकडे पाहिलं. तो मुद्दाम सावकाश पाणी पीत होता.

तिची वैद्य मात्र कुणाच्याही हाकेला धावणारी. तसं तिनेच ठरवलं होतं.

"माझी वैद्य कडी काढते," ऋजुता म्हणाली, आणि तिने आपली खुर्ची टेबलापासून जरा मागे सरकवली.