दीपमालामावशींचा हात

मालाची तपासणी बघणाऱ्या प्रियदर्शनीनं कापलेली कॉइल भिंगाखाली धरली आणि दीपमालामावशींना जवळ बोलावलं.

"हा डाग बघा, मावशी. वरून राळ ओतायच्या आधीच तारेवर पाणी पडलंय. तपासणीत कॉइल पास होते. पण इंजिन तापलं की आतून जळते आणि ठिणगी बंद."

ठिणगी बंद म्हणजे इंजिन बंद. कराडजवळ एका शिकाऊ वैमानिक मुलीनं असंच बंद पडलेलं विमान उसाच्या फडात उतरवलं होतं. पोरगी वाचली, नशीब तिचं. त्या इंजिनाच्या कॉइल बनवणाऱ्या इस्लामपूरच्या या शेडमधली झोप मात्र तेव्हापासून उडाली होती.

"सादं पाणी का?" मावशींनी विचारलं.

"नाही. लॅबवाले म्हणतात, थोडं खारट, थोडं गोड."

"म्हंजी घाम न् चहा," मावशी हळूच म्हणाल्या. "माजाच."

बिघडून परत आलेल्या सगळ्या कॉइल आपापल्या लॉटच्या पहिल्या ट्रेमधल्या होत्या, आणि पहिल्या ट्रेतली तार कायम मावशीच गुंडाळायच्या. त्यांच्या हाताला यश आहे, अशी मालक लालासाहेबांची श्रद्धा. खरं तर मावशी टेबलाशी कधी चहा प्यायल्या नव्हत्या, की त्यांनी हातमोजे काढले नव्हते. पण माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागला की त्याला पुरावा लागत नाही.

त्या तडक लालासाहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मालक, मला काढा. त्या पोरीच्या जागी माजी नात असती तर?"

लालासाहेबांच्या मिशा मोठ्या, पण मन लोण्याचं. त्यांचेच डोळे भरून आले.

"तुला काढून मी कुटं जाऊ? पॅकिंगला बस. पगार हाय त्योच ऱ्हाईल. चूक समद्यांच्या हातनं हुती."

मावशींनी हातमोजे काढून नीट घडी घालून टेबलावर ठेवले. तारेचं काम म्हणजे त्यांचा जीव होता. वाईट सगळ्यांनाच वाटलं.

सोमवारी नवा लॉट सुरू झाला. फरशी धुऊन पुसून कोरडी केली. चहाला दाराच्या आत मनाई झाली. प्रियदर्शनीनं एकेकाचे हात स्वतः तपासून नवे मोजे दिले. पहिला ट्रे राजनंदिनीनं भरला. तार इतकी सुबक बसली होती, की पॅकिंगच्या टेबलावरून मावशींनी मान हलवून तिला शाबासकी दिली.

राळेच्या खोलीत नेण्याआधी प्रियदर्शनीनं तो ट्रे देवाच्या फोटोपुढं धरला. लालासाहेबांनी चपला काढल्या.

"आता कुणाच्या लेकराला धोका न्हाई," ते म्हणाले, आणि प्रत्येक लॉटच्या पहिल्या ट्रेला करत आले होते तसाच त्यांनी नारळ फोडला आणि त्यातलं पाणी भक्तिभावानं उघड्या कॉइलींवर शिंपडलं.