चार भोकं

जेवणाच्या सुट्टीत सुतार आला, लिफ्टच्या लाकडी भिंतीवरची फळी काढली आणि काखोटीला मारून चालता झाला. भिंतीत स्क्रूची चार भोकं तेवढी राहिली. तेव्हापासून लिफ्टवाल्या मावशी उभ्या होत्या.

मोडक्या बाकाची पाठ आणि दोन जुन्या बिजागऱ्या, एवढ्यावर ती फळी मावशींनीच बसवली होती. कामावर असताना बसायचं नाही, हा विद्यापीठाचा नियम. म्हणून दार उघडायच्या आत फळी उचलून भिंतीला लावायची आणि तिला पाठीनं झाकून उभं राहायचं. उजव्या गुडघ्यात पाणी व्हायला लागल्यापासून मावशींची नोकरी त्या फळीवरच तगली होती.

तळमजल्यावर दार उघडलं. हातातला पुष्पगुच्छ सांभाळत प्राध्यापक बाई आत आल्या. खाली सभागृहात परिसंवाद चालू होता, आजच्या संस्कृतीच्या अभ्यासातल्या नव्या दिशांवर. सकाळचा पहिला निबंध बाईंचा होता आणि तो या फळीवर होता. पडद्यावर फळीचे रंगीत फोटो. पहिल्या रांगेत, प्रमुख पाहुणे म्हणून, खुद्द कुलसचिव.

“मावशी, तुमच्या फळीनं सभागृह जिंकलं,” बाई म्हणाल्या. “कुलसचिवांनी तर तोंड भरून कौतुक केलं.”

“केलं ना. आणि लगेच सुतार पाठवला.”

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

“पण मी तुमचं नाव कुठंच घेतलं नव्हतं. एक कामगार स्त्री, एवढंच लिहिलं होतं.”

“इमारतीत लिफ्ट एकच आहे, मॅडम.”

मावशींनी सहाव्या मजल्याचं बटण दाबलं. विचारायची गरजच नव्हती, पाहुण्यांचा चहा कुलसचिवांच्या दालनात होता. केसानं गळा कापतात म्हणतात तो असा, आणि वर कापणाऱ्याच्याच हातात फुलं.

“त्यांच्याकडेच चाललाय ना? मग एवढं सांगा,” मावशी म्हणाल्या. “म्हणावं, फळी परत लावू द्या. तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत.”

बाईंनी फुलं या हातातून त्या हातात घेतली. दुसरा मजला गेला, तिसरा गेला.

“तसं नाही हो करता येत, मावशी. आम्ही नुसतं पाहायचं असतं. मध्ये पडलं की अभ्यास बिघडतो.”

“आणि साहेबांसमोर पडद्यावर लावलं, तेव्हा नाही बिघडला?”

 बाईंची नजर भोकांवरून हलेना. पाचवा मजला येईतो आवाज पार हळवा झाला होता.

“किती बोलकी आहेत ही भोकं. पुढचा निबंध यांच्यावरच लिहिते, बघा.” त्यांनी पर्समधून फोन काढला.

मावशींचं पित्त खवळलं.  दुखरा पाय ओढत त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि चारही भोकं पाठीनं झाकून ताठ उभ्या राहिल्या. रोज फळी झाकायच्या, अगदी तशाच.

सहाव्यावर दार उघडलं. बाई फोन धरून तशाच थांबल्या होत्या. खालून कुणीतरी लिफ्टची घंटी वाजवत होतं.

“उतरा, मॅडम,” मावशी म्हणाल्या. “खाली माणसं उभी आहेत.”