आठपर्यंतची झोप

रविवारी आठपर्यंत झोपायचंच, असा चंग बांधून तनुजानं शनिवारी रात्रीच फ्रेंच टोस्टची तयारी करून ठेवली. अंडी-दूध फेटलं, त्यात ब्रेड भिजवला आणि ताट फ्रीजमध्ये सारलं. सकाळी नुसतं तव्यावर टाकायचं!

आठला उठून, मस्त आळस देत तिनं फ्रीज उघडला, तर ताटच गायब.

करमाडहून राहायला आलेल्या सासूला तिनं विचारलं, “आत्याबाई, इथला ब्रेड कुठंय?”

“अगं, फ्रीज लई गळतोय तुमचा. समदा पाव ओलाचिंब! मी पहाटंच पिळून गच्चीवर खाटेवर वाळत घातला.”

तनुजा गच्चीवर धावली. अख्ख्या गारखेड्यातले कावळे नाष्टा उरकून खाटेवर चोची पुसत बसले होते.

खालून आत्याबाई ओरडल्या, “तरी म्हणते, लवकर उठत जा. वाळवणाला राखण लागती!”