तीन कंपन्यांचे दर

वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नव्हतं. लेकीने दुसऱ्या राउटरचे दर वाचून दाखवले. पंकजाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "महाग पडतंय. काय सांगायचं असलं तर येतील की तुझे पप्पा जिना उतरून."

तिथंच जेवायला बसलेल्या अजिनाथरावांना राहात्याची ती पतसंस्था आठवली, जिथं दोघं नोकरीला होते. दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर. ते वायरीने जोडायला तीन कंपन्यांनी दर दिले होते, अन् हिशेबाच्या टेबलावरच्या पंकजाने तिन्ही कागदांवर 'महाग पडतंय' असाच शेरा मारला होता. मग काय, लग्न ठरेपर्यंत ते रोज फ्लॉपी घेऊन तिच्या टेबलाशी जात राहिले.

"काय गं, तेव्हाचे दर खरंच महाग होते का?"

पंकजाबाईंनी भाकरी उलटली. "काय माहीत. वाचले कुणी हुते?"