पहिला नग

ऑपरेशनचं संमतिपत्र मांडीवर तसंच पडलं होतं आणि आकाराम मोबाईलवर यानाची मालिका बघत होता. यानाचं मधलं दार लागत नव्हतं. हवा निसटून चालली होती आणि चार माणसं दाराला खांदा लावून रेटत होती.

"सही करायची सोडून ह्ये काय बघतासा?" त्याची बायको चिमणाबाई म्हणाली.

"माणसं पहिल्यांदाच मंगळावर निघाल्यात. रोज कायतरी मोडतंय, रोज ठोकून बसवत्यात."

याच मालिकेचा चकचकीत यानांचा पुढचा सीझन त्यानं दोन भागांतच सोडला होता. बटण दाबलं की माणूस पोचतो, त्यात बघायचं काय, असं त्याचं म्हणणं. हट्टी माणूस.

त्याच्या हृदयाची झडप मांडीच्या नसेतून बदलायची होती. कोल्हापुरातल्या या दवाखान्यात असं प्रथमच होणार होतं. तरुण डॉक्टरबाईंनी काही लपवलं नव्हतं. पुण्यात अशी शेकड्यांनी झालीत, हवं तर तिकडं पाठवते, असंही त्या म्हणाल्या होत्या. चिमणाबाईनं पुण्याची पिशवी भरूनच ठेवली होती.

शेजारच्या खाटेवर राधानगरीचा नबीलाल होता. दुखणं तेच.

"पावणं, आमच्यानं पुणं व्हायचं न्हाई," तो म्हणाला. "तुमचं नीट झालं की मग आमचं, असं ठरलंय घरात." आणि ओशाळून भिंतीकडं वळला.

चिमणाबाईचा आवाज चढला. "तीस वर्सं शिरोलीच्या फाउंड्रीत लोखंड वतण्यात काढलीसा. नव्या साच्यातल्या पहिल्या नगाचं काय करतासा? फोडून बघतासा की!"

बोलून गेली आणि तिचेच डोळे भरले.

आकारामनं पेन उचललं.

"फोडतोय," तो म्हणाला. "पर त्यो फोडल्याबिगर दुसरा कोण वतत न्हाई."

भीती त्यालाही होतीच. सही वाकडी आली. मग त्यानं मोबाईल तिच्या हातात दिला.

"उद्या मी आत असताना पुढचं बघून ठेव. दार लागलं का सांग मला."

चिमणाबाईनं पडद्यावर बोट दाबलं. चित्र थांबलं.

"मी एकटी न्हाई बघायची. तुमी बाहेर आल्यावर बघू."

पडद्यावर चौघं दाराला खांदा लावून तशीच उभी राहिली.