पेटीची दुसरी बाजू

कार्यक्रम संपून माणसं पांगली. दिगंबरराव जड पायपेटीपाशी एकटेच उरले. तीस वर्षं तिची दुसरी बाजू तबलजी सदोबा धरायचा. गेल्या वर्षी दिगंबररावांना यायला उशीर झाला, म्हणून सदोबाने ती एकट्यानेच वाकून उचलली. कंबर गेली, तेव्हापासून तो अंथरुणावरच होता.

दिगंबरराव गुडघ्यांत वाकून खाली बसले, पाठ ताठ ठेवली आणि पेटी छातीशी धरून उठले. दर दहा पावलांवर ती टेकवत त्यांनी रिक्षा गाठली.

संध्याकाळी ते सदोबाकडे गेले.

“हल्ली दुसरी बाजू कोण धरतं?” सदोबाने विचारलं.

“मंडळाची माणसं असतात की.”

“मग बरं. एकट्याने उचलू नकोस बाबा.”

सदोबाला निवांत झोप लागली. दिगंबरराव मात्र बराच वेळ उशाशी बसून राहिले. त्यांना घरी जाववेना.