सत्तावीसनंतर चार

“सर, सत्तावीसनंतर चार कसा येतो?”

खिडकीबाहेर मैत्रिणींनी एकमेकींच्या तोंडावर हात दाबले. ‘हिंमत असेल तर विचारून दाखव’ असं म्हणाल्या होत्या त्याच. पण पालकसभेत, कॉम्प्युटरच्या खोलीत, सगळ्यांच्या आईबाबांसमोर सतत बडबडणारी ही टकळी खरंच उभी राहील, असं कोणाला वाटलं होतं!

सरांनी मानही वर केली नाही. “पहिलीत जाऊन विचार.”

“दाराशी स्पर्धेची यादी लावलीय ना, नववीतल्या चौघांची. रोल नंबर चढत्या क्रमाने आहेत. तीन, बारा, सत्तावीस. आणि मग चार? चार नंबर तर निवडचाचणीच्या दिवशी तापाने घरी झोपला होता.” टकळीने श्वास घेतला. “माझा नंबर एक्केचाळीस आहे.”

पहिल्या रांगेत फुलून बसलेली चार नंबरची आई गर्रकन वळली. “चाचणीला नसला म्हणून काय झालं? सरांना कळतं पोरातलं. काहींना दुसऱ्याचं बघवत नाही.”

“खाली बस,” टकळीचे बाबा दात आवळून म्हणाले. तिची आई पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

“यादी मी हाताने लिहीत नाही, प्रोग्रॅम काढतो,” सर म्हणाले. “आणि तो माझा प्रोग्रॅम आहे. नंबर लागला नाही की खुसपटं काढायची, ही हल्लीची फॅशनच झालीय.”

“मग दाखवा ना प्रोग्रॅम.”

सरांनी तो मोठ्या पडद्यावर लावला. तिची जिरवायलाच.

टकळी पडद्याजवळ गेली. तिने सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“आधी तुम्ही प्रत्येक नंबरानंतर स्वल्पविराम लावत होतात. शेवटी एक उगाचच लोंबायचा. म्हणून ही सगळ्यात खालची ओळ: शेवटचं चिन्ह कापून टाक. बरोबर? नंतर तुम्ही ही वरची ओळ घातलीत: स्वल्पविराम फक्त दोन नंबरांच्या मध्ये. झकास. पण खालची कात्री काढायची राहिली. आता शेवटी स्वल्पविराम नाहीच, तरी ती कापतेच. एक्केचाळीसमधला शेवटचा एकचा आकडा गेला, उरला चार.”

चार नंबरची आई मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागली.

सरांची कानशिलं लाल झाली. खिशातून पेन काढत ते दाराशी गेले, यादीतल्या चारपुढे एकचा आकडा ओढला आणि टोपण खटकन बंद केलं.

“झालं समाधान? आता पुन्हा असा तमाशा केलास, तर स्पर्धेला कशी जातेस ते बघतो मी.”

“सॉरी म्हण सरांना,” बाबा उठले. “आणि चल. शोभा झाली तेवढी पुरे.”

ती निघालीही. खरं तर तिला तिथेच नाचायचं होतं. मैत्रिणी खिडकीतून दोन्ही अंगठे नाचवत होत्याच. पण दाराशी तिचे पाय अडले. नववीच्या खाली बाकीच्या वर्गांच्या याद्या होत्या. आठवी: सहा, एकोणीस, तेवीस, तीन. सातवी: नऊ, अकरा, सोळा, दोन. सहावी: पाच, अठरा, वीस, तीन.

“सर, ह्या पण...”

“त्यांच्यापैकी कोणी विचारायला आलंय?”

“त्यांना माहीतच नाही ना!”

“मग तू कोण लागून गेलीस?” सरांनी कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला. “मिळालं ना तुझं तुला? नीघ.”

तेवढ्यात टकळी परत फिरून त्यांच्याच खुर्चीत बसली होती. कीबोर्ड तिने पुढे ओढला. सरांचा हात हवेतच राहिला.

“अगं, ऊठ!” आई दारातून म्हणाली.

“आई, बाबा, तुम्ही व्हा पुढे,” खालच्या ओळीवर कर्सर नेत ती म्हणाली. “मला उशीर होईल. आपला नंबर लागला नाही, असं समजून अजून तिघंजण बसलेत.”